भाताचा नेम

परबांच्या घरात भात शिजला की पहिली मूद जानकीबाईंची. त्या जाऊन बरीच वर्षं लोटली, तरी हा क्रम मोडला नव्हता. अक्षता आंघोळ करून ओल्या केसांनीच स्वयंपाकाला लागायची. भात उतरला की वाटीत घट्ट दाबून मूद पाडायची, वर वरण, तुपाची धार, तुळशीचं पान. ताटली आईच्या फोटोपुढे ठेवायची आणि हात जोडून म्हणायची, "आई, जेव." एवढंच. मंत्र नाही, तंत्र नाही. थोड्या वेळाने तीच मूद वडिलांच्या ताटात जायची आणि लवू परब ती डोळे मिटून, सावकाश, एकेक शीत चावत खायचे.

जानकीबाईंना हयातीत शेवटची कितीतरी वर्षं तो घास मिळाला नव्हता, म्हणून हा नेम.

गोष्ट अशी झाली होती. अक्षताने पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्या मे महिन्यात सगळी गावी गेली होती. कोकणातलं लहानसं गाव, गावाबाहेर देवीचं कौलारू देऊळ. लवूंनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, जमलेल्या चार माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. सगळं यथास्थित झालं आणि लोक उठणार तेवढ्यात जानकीबाई पुढे झाल्या. कधी चारचौघांत न बोलणारी बाई. पदर खांद्यावरून घेतला आणि देवीला म्हणाल्या, "माझ्या चेडवाच्या नावाम्होरा डाक्टर लागासर मी भात खावचंय नाय."

मुलीच्या नावापुढे डॉक्टर लागेपर्यंत भात बंद! कोकणातल्या माणसाने भात सोडायचा म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळतं. आंबा सोडतात, मासे सोडतात, चहा सोडतात. भात कोणी सोडत नाही. पण देवीपुढे गेलेला शब्द. तो परत कसा घेणार?

मुंबईला, मुलुंडच्या घरी परत आल्यावर शेजारणींनी वाटा काढून दिल्या. भात म्हणजे शितं, तांदळाच्या पिठाचं चालतं; घावणे खा, आंबोळी खा. जानकीबाई हसायच्या आणि म्हणायच्या, "देवाक पळवाट नको." गणपतीत त्या अख्ख्या मजल्यासाठी मोदक वळायच्या आणि स्वतः ज्वारीची भाकरी घेऊन बसायच्या.

आणि पीएच.डी. काही लवकर होईना. मार्गदर्शक बदलले, मग त्यांची बदली झाली, मग प्रबंध परत आला. विषय होता पूर्व उपनगरातली मिठागरं. अक्षता टेप आणि वही घेऊन मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत घोटाभर चिखलात फिरायची, संध्याकाळी कपड्यांवर पांढरे डाग घेऊन घरी यायची. जानकीबाई ते कपडे पुन्हापुन्हा खळबळताना म्हणायच्या, "मीठ मोजूक जाता माझा चेडू. मोज, बाय, नीट मोज."

प्रबंध मंजूर झाला, आता फक्त तोंडी परीक्षेची तारीख यायची होती, आणि जानकीबाई कावीळ होऊन इस्पितळात पडल्या. पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, पेज द्या. पेज म्हणजे तांदळाची. त्यांनी ओठ मिटून घेतले ते घेतलेच. 'आई, झाले गं मी डॉक्टर, आता घे,' असं खोटंच सांगून दोन चमचे भरवावेत, हे त्या दिवशी अक्षताच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आईच्या नेमाला खोट्याचं बोट लावायला तिचं मन धजलं नाही. तारीख आली ती आईच्या तेराव्यानंतर.

तेव्हापासून दारावर एक पितळी पाटी होती. लवूंनी ती परळच्या एका जुन्या ओळखीच्या कारागिराकडून हौसेने करून आणली होती. गिरणी बंद पडल्यावर एवढ्या हौसेने त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. 'डॉ. अक्षता जानकी लवू परब'. आईचं नाव मध्ये हवंच, हा त्यांचाच हट्ट. दर सणाला ते ती चिंचेने घासायचे, वर झेंडूचं फूल लावायचे. जिन्यातून जाणारी मुलं त्यांना 'डॉक्टरचे आजोबा' म्हणायची. कोणाला ताप आला की इमारतीतलं एखादं नवखं माणूस दारही वाजवायचं. "औषधाची नाय, भूगोलाची डाक्टर," असं लवू त्याला अभिमानाने सांगून परत पाठवायचे.

पण पाटीने पोट भरत नाही. अक्षता कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचंच मानधन आणि दर वर्षी नव्याने नेमणूक. कायमची जागा निघेल, निघेल म्हणता म्हणता वयाची चाळिशी मागे पडली. लग्नाचं बोलणं केव्हाच थांबलं होतं. मग भूगोलाला मुलं येईनाशी झाली. गेल्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी चहा पाजला आणि सांगितलं की यंदापासून विषयच बंद. वाईट त्यांनाही वाटलं असावं. त्यांनी बिस्किटंही मागवली होती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. वडिलांचा दम्याचा पंप, घराचा महिन्याचा खर्च, दोघांची तोंडं. अक्षता अर्ज पाठवत राहिली आणि उत्तर येत नव्हतं. शेवटी मार्गशीर्ष लागला त्या आठवड्यात तिने खालच्या मजल्यावरच्या निधीला वर बोलावलं. निधी एकेकाळची तिची विद्यार्थिनी, आता मालाडला एका कंपनीत माणसं भरतीच्या खात्यात होती.

निधीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बराच वेळ पडद्यावर नुसती खाली खाली जात राहिली.

"ताई, राग मानू नका हां. पण हा सीव्ही नाहीये, सत्यनारायणाच्या सामानाची यादी आहे. संपतच नाही."

अक्षता हसली. "जे केलं ते लिहिलंय गं."

"तेच तर चुकलं ना. फोन किती आले?"

"एक. क्लासवाले होते. म्हणाले, तुमचं नाव बोर्डावर लावतो, पगाराचं मागाहून बघू."

"झकास," निधी म्हणाली. "आता ऐका. हे वाचणारा कोण असतो? माझ्यासारखा. बी.कॉम., सेकंड क्लास. तुमचा कागद बघून त्याला वाटतं, ही बाई एक तर चार दिवसांत कंटाळून पळणार, नाहीतर मलाच शिकवायला बसणार. दोन्हीकडून वाट माझीच. मग तो काय करतो? पुढचा कागद उचलतो. मरोळला एका कुरिअर कंपनीत जागा आहे, पत्ते तपासायचं काम. पार्सलांवर लोक काहीही लिहितात, ते नीट करून कुठल्या भागात जाईल ते ठरवायचं. बसून काम आहे, पगार वेळेवर देतात. पण त्यांना ग्रॅज्युएट हवाय. फक्त ग्रॅज्युएट."

"मग?"

"मग काढा."

"काय काढू?"

निधीने बोट फिरवलं आणि पीएच.डी.ची ओळ निळी झाली. मग तिने लॅपटॉप अक्षताच्या मांडीवर सरकवला. "बटण तुम्हीच दाबा. मला तुम्ही शिकवलंय, मी नाही दाबणार."

खिडकीपाशी खुर्चीत लवू पाठमोरे बसले होते. मांडीवर पोथी उघडी होती. त्या घरात दोनच खोल्या. एकीत बोललेलं दुसरीत ऐकू येतं, आणि ही तर एकच खोली.

अक्षताने बटण दाबलं. ओळ गेली आणि खालच्या ओळी वर सरकून तिच्या जागी बसल्या. जागासुद्धा रिकामी राहिली नाही, याचं तिला नवल वाटलं.

"आता सेट."

"ती परीक्षा आहे, पदवी नाही."

"प्राध्यापकीची परीक्षा ना? मग गेली."

सेट गेली. बी.एड. गेलं. एम.ए.पाशी अक्षताचा हात थांबला. "एम.ए. राहू दे ना. एम.ए. काय, हल्ली सगळेच असतात."

"एम.ए. दिसलं की विचारतात, मग शिकवत का नाही? काय सांगणार? ताई, बी.ए. ठेवा. पण ते विद्यापीठात दुसरी वगैरे काढा."

"ते का?"

"एवढी हुशार बाई इतकी वर्षं काय करत होती, असं वाटतं."

पुढची काही मिनिटं निधी नुसती बोटाने दाखवत गेली आणि अक्षता काढत गेली. बाजारात मटार सोलायला बसलेल्या दोघी बायकांसारख्या. निबंध, परिषदा, ती खूप मागे एकदा मिळालेली शिष्यवृत्ती. उरलं ते अर्ध्या पानातच मावलं. नाव, पत्ता, बी.ए., मराठी टायपिंग आणि एमएस-सीआयटी.

"एमएस-सीआयटी राहू द्या," निधी म्हणाली. "ते एक नंबर आहे."

यावर दोघीही हसल्या. अक्षता जरा जास्तच वेळ हसली.

"आणि मधली वर्षं?"

"घरी होते लिहा. घरातल्या जबाबदाऱ्या, आईचं आजारपण. बायकांचं ते चालतं, कोणी पुढे विचारत नाही."

"आई फार दिवस आजारी नव्हती गं."

"कंपनीला थोडंच माहितीये, ताई."

खिडकीकडून लवूंचा आवाज आला. "निधी, च्या घेतलंस काय गो?"

"घेतला, काका."

"मग बरा." त्यांनी पोथीचं पान उलटलं. मघापासूनचं ते पहिलंच पान होतं.

अक्षताने तो कागद बुधवारीच पाठवून दिला. गुरुवारी मार्गशीर्षातला महालक्ष्मीचा उपास. त्या दिवशी खोट्याला हात लावायचा नव्हता. देव काही हजेरीपट घेऊन बसत नाही, पण माणसाचं मन बसतं. दुसऱ्या दिवशी तिने पहाटे घट मांडला, पाच फळं ठेवली, कहाणी वाचली. भात झाला. मूद पाडली. ताटली फोटोपुढे ठेवली आणि तिच्या लक्षात आलं की 'आई, जेव' हे शब्द तोंडातून निघत नाहीयेत. तिने नुसतेच हात जोडले. मागे वळली तर वडील बघत होते.

बोलावणं आलं ते नेमकं पुढच्या गुरुवारचं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत ते ऑफिस होतं. चार मजली इमारत, खाली पार्सलांचे ढीग, वर काचेच्या खोल्या. मुलाखत घेणारी चेतना मॅडम तिशीतली, चेहऱ्याने मायाळू. तिने पाणी पुढे केलं. उपासाला पाणी चालतं, अक्षता प्यायली.

"अक्षता, तुला कॉम्प्युटरची सवय आहे ना?" तिने सहज एकेरीत विचारलं. तिथे सगळेच एकमेकांना तसंच बोलत होते.

"आहे."

समोर पडद्यावर एक पत्ता होता. नाव, बिल्डिंग, मग 'मिठागर रोड', आणि पिनकोड चुकलेला. "हे बघ, हे रोज येतं. आमची पोरं हे पार्सल भांडुपला पाठवतात, तिथून परत येतं."

"हा मुलुंडचा," अक्षता म्हणाली. "आणि बिल्डिंगचं नाव बघता रस्त्याच्या खाडीकडच्या अंगाची. तो भाग नंतर भर घालून झालाय, आधी तिथे पाणी यायचं. जुन्या नकाशात…"

ती थांबली. चेतना मॅडम कौतुकाने बघत होती.

"तुला कसं गं एवढं माहीत?"

"तिथेच राहते ना."

"आणि हे ग्रॅज्युएशननंतर… मोठाच गॅप आहे."

"घरी होते." अक्षताने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "आई आजारी होती."

"सो सॉरी. खूप वर्षं?"

"हो," अक्षता म्हणाली. "खूप वर्षं."

बाहेर पडल्यावर फाटकापाशी चहाच्या टपरीजवळ ती जरा वेळ उभी राहिली. आईला पेज भरवण्यासाठीसुद्धा जिला खोटं बोलवलं नव्हतं, ती आज त्याच आईच्या आजारपणाचं नाव घेऊन किती सुरळीत खोटं बोलली होती. जीभ अडखळली नाही, अंगावर काटा आला नाही. संध्याकाळी घरी येऊन तिने महालक्ष्मीची आरती केली, नैवेद्य दाखवला, पण उपास सोडताना घास काही गोड लागला नाही.

नोकरी मिळाली. फोनवर सांगताना चेतना मॅडम म्हणाली, "दोन गोष्टी फक्त. उद्या इकडे येऊन मेडिकल करून जा. आणि उद्याच आमचा माणूस तुझ्या घरी येईल, पत्ता बघायला. नुसती फॉर्मॅलिटी. दाराचा एक फोटो काढतो, घरच्यांना दोन प्रश्न विचारतो. कोणीतरी घरी असू दे."

"वडील असतात," अक्षता म्हणाली.

त्यांना तिने एवढंच सांगितलं, "बाबा, कंपनीचा माणूस येईल. आधार कार्ड टेबलावर ठेवलंय. विचारेल ते सांगा."

"काय इचारतलो?"

"मी इथेच राहते का, असंच काहीतरी."

"बरा," लवू म्हणाले. त्यांना आणखी काही विचारायचं होतं असं तिला वाटलं, पण तिनेच घाईने पायांत चपला सरकवल्या.

मेडिकलला फार वेळ लागला. रक्त घेतलं, डोळे तपासले, छातीचा फोटो काढला. नंबराची वाट बघत बाकावर बसली असताना समोरच्या दारावरच्या नावाकडे तिची नजर गेली. कोणा डॉक्टरची पाटी. ती नुसती बघत होती, आणि एकाएकी ताडकन उभी राहिली. दाराचा फोटो. आपल्या दाराचा. पितळी पाटी, चिंचेने लखलखीत घासलेली, एवढ्या मोठ्या अक्षरांत. आणि पाटी राहिली बाजूला, दारात बाबा. कोणीही आलं तरी दुसऱ्या वाक्याला 'माझा चेडू डाक्टर आसा' म्हणणारे बाबा.

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग ती सुई टोचलेल्या जागी कापूस दाबत रिक्षा शोधायला धावली. रिक्षात बसून तिने देवीचं नाव घेतलं, आणि घेता घेताच तिला लाज वाटली. मागायचं काय? बाबांना आज खोटं बोलायची बुद्धी दे, हे? ज्या देवीपुढे त्यांनी गाऱ्हाणं घातलं तिच्याकडेच?

जिना चढताना तिला धाप लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने वर पाहिलं.

दारावर पाटी नव्हती. जिथे ती होती तिथे रंगाचा फिकट चौकोन होता आणि चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं. उंबऱ्याजवळ लाकडाचा थोडा भुसा पडला होता.

लवू आत कॉटवर बसले होते. बाजूला स्क्रूड्रायव्हर. उजव्या तळहातावर फोड आला होता. जुने स्क्रू, गंजून बसलेले, सुटताना त्रास दिला असणार.

"इल्लंस?" ते म्हणाले. "येवन गेलो तो."

"कधी?"

"मगाशीच. बरो होतो झील. बूट भायर काढल्यान."

"काय विचारलं?"

"तू हयसर ऱ्हवतंस काय. मी म्हटलंय, ऱ्हवता. शिक्षण किती. मी म्हटलंय, बी.ए." लवू फोडाकडे बघत बोलत होते. "आदी खंय कामाक होती काय? म्हटलंय, नाय. घराकच असता. आवशीचा करी होती."

आईचं करत होती, हे तिचंच उत्तर होतं. अक्षता खाली जमिनीवर बसली.

"मग तेनी दाराचो फोटो काढल्यान. म्हणता कसो, आजोबा, हयसर काय होता, डाग दिसता? मी म्हटलंय, गणपतीचा चित्र होता, पडला." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "देवाचा नाव घेतलंय खोट्यात. दुसरा काय सुचाक नाय."

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माका कोण सांगतला? बहिरो थोडोच आसय मी." त्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला. "त्या दिवशी तू एकेक काढी होतंस. मी मोजी नव्हतंय, पण आयकी होतंय. आतला सगळा काढलंस, मग भायरचा ठेवन काय उपयोग?"

तिने त्यांचा हात ओढून घेतला आणि फोडावर हळद लावायला उठली. लवूंनी हात लावू दिला. पाटी कुठे ठेवलीत, हे विचारायचं धैर्य तिला झालं नाही. तिने आपणहून बघितलं तेव्हा ती आईच्या फोटोमागे भिंतीला टेकून होती, अक्षरं भिंतीकडे करून.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी कंपनीचा फोन आला. सगळं व्यवस्थित आहे, सोमवारपासून ये. थोड्या वेळाने निधी पेढ्यांचा पुडा घेऊन वर आली. तिला कोणीतरी आधीच कळवलं होतं.

"ताई, पार्टी हवी हां आता," ती दारातूनच म्हणाली, आणि मग तिची नजर दारावर गेली. "अरे वा, पाटी पण काढलीत? मी सांगणारच होते, पण म्हटलं काकांना वाईट वाटेल."

"काकानीच काढल्यान," लवू आतून म्हणाले.

निधीने जीभ चावली. मग पुढे होऊन त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि वाकून नमस्कार केला. लवूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पेढा खाल्लासुद्धा. "ह्या पोरीन उपकार केल्यान," असं अक्षताला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं अक्षताला वाटून गेलं.

निधी गेली. अक्षताने कुकर लावला. आज नोकरी लागली होती. दिवस साजरा करायला घरात दुसरं काही नव्हतं म्हणून तिने गावाकडून आलेला, सणासाठी राखून ठेवलेला तांदूळ काढला. त्याचा वास घरभर पसरला. तिने मूद पाडली, वरण वाढलं, तुपाची धार सोडली आणि ताटली फोटोपुढे ठेवली. आज काहीतरी बोलायचं असं तिने ठरवलं होतं. 'आई, मी कागदावरून पदवी काढली तरी ती गेली नाही,' असं काहीतरी. पण फोटोमागून पितळेची कड दिसत होती, आणि ते शब्द तिचे तिलाच मुलाखतीत दिलेल्या उत्तरासारखे वाटले. "आई, जेव," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

थोड्या वेळाने तिने रोजच्यासारखी ती मूद उचलून वडिलांच्या ताटात ठेवली. लवू पाटावर बसले. ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी ताट दोन्ही हातांनी हळूच पुढे सरकवलं.

"माका भाकरी घाल, बाय."

"का? पोटात दुखतंय का?"

"नाय."

"मग भात घ्या ना. गावचा तांदूळ आहे, बघा कसा मोकळा झालाय."

"वास इलो माका, तेवढोच पुरो." त्यांनी मुदीकडे पाहिलं, मग फोटोकडे. "त्या मानसाक दारातसून पाठवलंय, मगे देवीक सांगान टाकलंय. ती पाटी परत दारार लागासर मी भात खावचंय नाय."

अक्षताच्या हातातला डाव तसाच राहिला. बाहेर जिन्यावर कोणाची तरी मुलं दंगा करत खाली गेली.

"बाबा, तुमचं वय काय, तुमचा दमा. डॉक्टर उद्या पेज द्या म्हणाले तर?"

"तर काय? तिना सोडल्यान, तिका फळला."

"तिला कुठे फळलं? तिने पाहिलं तरी का?"

लवूंनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग म्हणाले, "देवाक आज दुसरा काय देतलंय? खोटा बोललंय, तेची भरपाय नको?"

सोमवारी नऊच्या ठोक्याला मरोळला हजर व्हायचं होतं. ती नाही म्हणून फोन करू शकली असती. तो विचार तिच्या मनात आला, दाराशी उभा राहिला आणि पंपाच्या रिकाम्या डबीकडे बघून परत गेला. आणि पाटी? कुरिअरच्या नोकरीत ती बी.ए.च राहणार, तोवर पाटी लावली की खोटं उघडं पडणार. ती पुन्हा दारावर चढायची तर कोणत्या कॉलेजाने, कोणत्या वर्षी, कोणत्या विषयासाठी बोलवायचं? भूगोल तर बंद झाला होता. आईच्या नेमाला निदान एक शेवट होता; तारीख येणार होती, ती आलीही. या नेमाला शेवट कुठे, ते अक्षताला कितीही नकाशे धुंडाळून सापडलं नसतं. आणि शब्द तर देवीपुढे गेला होता.

तिने परात घेतली. डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं, गरम पाणी घातलं आणि मळायला लागली. तिच्या भाकरीला आईसारखा गोल घेर कधी जमला नव्हता. लवू पाटावर तसेच बसून होते, शांत, हात मांडीवर. थापण्याचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जात असणार.

तवा तापेपर्यंत तिने मागे पाहिलं. मुदीवरचं तूप थिजून पांढरं झालं होतं. कुकरमध्ये उरलेला भात झाकणाखाली गार होत होता. तो आता कोणी खायचा, हे त्या घरात ठरायचं होतं. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.